सातव्या पानाची मागची बाजू

१४ मार्च, मंगळवार. कोरडं ऊन, वारा अजिबात नाही.

मी आरोग्य केंद्रातला फ्लिपचार्ट बोलतोय. हा दिवस माझ्या का लक्षात राहिला, ते सांगतो.

माझी बारा जाड पानं, वर तारेची गुंडाळी. तंबूसारखा टेबलावर उभा राहतो. चित्रं लोकांच्या बाजूला, मजकूर सिस्टरच्या बाजूला. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला सगळं तोंडपाठ आहे.

नऊ वर्षं सिस्टरच्या काखेत गल्लोगल्ली हिंडलो. सातवं पान पाण्याचं. चित्रकाराने ग्लासातले जंतू सापाएवढे काढले होते.

"अगं बाई, एवढे मोठे?" शिंपीमावशी पहिल्यांदा किंचाळलीच.

सिस्टर हसली. "असतात बारीकच. पण भ्यायलात ना मावशी? मग उकळा."

तेव्हापासून मावशी मशीनवर बसण्याआधी पाण्याचं पातेलं चढवायची. आईवेगळी नात तिच्यापाशी वाढत होती, चार वर्षांची. मला माझ्या सापांचा अभिमान होता.

मग पाण्याची नवी टाकी झाली. त्या मंगळवारी सकाळी प्रसिद्धी विभागाचे साहेब आले आणि माझ्या सातव्या पानावर त्यांनी नवं चित्र चिकटवलं: नळाखाली ओंजळ धरलेली हसरी मुलगी.

"साहेब, पाणी तपासल्याचा अहवाल?" सिस्टरने विचारलं.

"येईल की. चित्र छापून आलंय, ते आधी लावू."

"पण मागे अजून 'उकळून प्या' असंच लिहिलंय."

"मागचं कोण बघतंय, ताई? लोकांना धीर देणं हीसुद्धा आरोग्याचीच मोहीम. आणि तुमचे ते साप तरी कुठे खरे होते?"

सिस्टरने मला मिटून काखेत घेतलं. साप माझ्याच अंगावर होते, नव्या कागदाखाली.

दुपारी गल्लीत मला उभं केलं. साहेब फोटो काढत होते.

"म्हणजे आता उकळायला नको?" मावशीने विचारलं.

सिस्टरची नजर माझ्या मागच्या ओळीवर खिळली. ओठ हलले. साहेबांनी मान वर केली.

"नको," ती म्हणाली.

"सुटले गं बाई! तू सांगितलंस म्हणजे झालं."

मला स्वतःचं पान उलटता येत नाही. ते माणसांच्या हातात असतं. म्हणून एवढंच मागतो: कुणी छान चित्र दाखवलं, तर एकदा उठून मागे जा आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा.

आता मी केंद्रातल्या कपाटावर पडून आहे. सिस्टर मला हात लावत नाही.

अहवाल १९ मार्चला आला. पाणी पिण्यास अयोग्य होतं. गल्लीतल्या तेवीस जणांना दवाखान्यात नेलं. बावीस जण घरी परतले. मावशीची नात २७ मार्चला दुपारी गेली.