फ्लॅश नको म्हणजे नको

विलाईताईचा लढाऊ मासा आता म्हातारा झाला होता. रंग निळाशार, पण शेपटीला चीर आणि स्वभाव भित्रा. प्रसर्टकाकांनी एकदा त्याच्यावर फ्लॅश उडवला, तर तो काचेवर जाऊन आदळला आणि कितीतरी वेळ पानांआड दडून राहिला.

हे प्रसर्टकाका थायलंडमधल्या आमच्या नखोन पथोम शहरातल्या मासेवेड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. फोटो-प्रदर्शन जवळ आलं तसे ते आमच्या नूडल्सच्या दुकानात आले.

"फ्लॅश वरून मार, आयएसओ दोनशेवर ठेव, लेन्सचं छिद्र बारीक कर. कसा स्वच्छ फोटो येतो बघ."

"आणि मासा घाबरला तर?" ताईने विचारलं.

"मासाच तो. विसरतो."

"तुमचं काय जातंय, काका? डोकं तो आपटतो."

दुपारी दुकान बंद करून ताईने खोलीत पडदे ओढले. टाकीवर फक्त दिवा ठेवला आणि लेन्सची रबरी कड काचेला टेकवली, म्हणजे खोलीचं प्रतिबिंब नको. शटर संथ ठेवलं की शेपटी पुसट यायची, जलद केलं की सगळं काळं. शेवटी तिने छिद्र पूर्ण उघडलं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेड टिपायची ताकद, बत्तीसशेवर नेला.

"ताई, फोटो दाणेदार येईल. एकदा उडव ना फ्लॅश," मी म्हणाले.

"तू रस्सा बघ जा."

मासा कुशीवर वळेपर्यंत ती गुडघ्यांवर बसून राहिली. फोटोत त्याचा डोळा लख्ख आला, चीरही आली. बाकी सगळीकडे दाणे.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "यावर रवा सांडलाय का गं? दाणेदार फोटो प्रदर्शनाच्या मंडपात लावायचा नाही, हा मंडळाचा नियम आहे. निदान कंप्युटरवर शेपटी तरी सांध."

"शेपटी त्याची आहे, मी कशाला सांधू? नका लावू."

तिने तो फोटो दाराएवढा छापून दुकानाच्या भिंतीवर लावला. खाली ठळक अक्षरांत छिद्र, शटर, आयएसओ, आणि 'फ्लॅश मारलेला नाही'. मंडपाकडे जाणारा रस्ता आमच्याच दारावरून जातो. लोक थांबायचे, वाचायचे, हसायचेही. काका जेवायला आले, तेव्हा ताईने त्यांना फोटोसमोरचंच बाकडं दिलं. ते मान खाली घालून जेवले.

गेल्या वर्षीच्या त्या प्रदर्शनानंतरही मंडळाने नियम काही बदलला नाही. यंदा मात्र तिघांनी आपले बिनफ्लॅशचे फोटो मंडपात न देता आमच्याकडे आणून दिले. भिंतीवर जागा पुरेना, तेव्हा ताईने पदार्थांची पाटी उतरवून ठेवली.