साहेबासाठी धुतलेला संडास

सकाळपासून सालेहा स्टेशनवरचा बायकांचा संडास घासत होती. भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, दारावर पुसलेली बोटं, आणि कोपऱ्यात जे तुंबलं होतं ते तर सांगवत नाही. म्हणे जंक्शन! दिवसाला गाड्या सहा, घाण मात्र अख्ख्या जालना जिल्ह्याला पुरेल एवढी.

संडास लख्ख झाला तसं मुकादम साहेबरावाने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्याकडे दिली. "तपासणीचा साहेब येईस्तोवर कोनी आत जायचं न्हाई. गेलं तर उद्यापासून तू कामावर येऊ नको." दर तपासणीला हीच रीत. धुवायचं ते साहेबाला दाखवायला, बाकीच्यांनी आडोसा शोधावा.

साहेबाच्या खास गाडीसाठी परभणीची पॅसेंजर मागच्या स्टेशनात दीड तास अडकवून ठेवली होती. तिच्यासाठी थांबलेल्या वडीगोद्रीच्या पुष्पाबाई सत्तरीच्या, त्यात साखरेचा आजार. तिसऱ्यांदा दाराशी आल्या.

"लेकी, उघड गं. दम निघंना."

"चाबी मुकादमाकडं हाय, मावशी," सालेहा म्हणाली.

"रुळापल्याड जा की," साहेबराव म्हणाला. "मोकळं रान हाय."

रुळापल्याड रिक्षावाले पत्ते कुटत बसलेले. म्हातारी गुमान बाकावर जाऊन टेकली. थोड्या वेळाने बाकाखालून ओघळ आला. पुष्पाबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"थू! काय लोकं हायत!" साहेबराव खेकसला. "पूस जल्दी, साहेब पोचून राह्यले."

एकोणीस वर्षं लोकांची घाण काढताना सालेहाला कधी किळस आली नव्हती. आज साहेबरावाची आली, त्याहून जास्त स्वतःच्या जिभेची.

तिने फडकं तिथंच टाकलं, पुष्पाबाईंचा हात धरला, कुलूप काढलं आणि आतून कडी लावली. बादली भरली. घरी जाताना नेसायची आपली साडी पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली.

"मावशी, चाबी माझ्याकडंच होती."

"दिसत व्हती मला," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुज्या कंबरंला."

सालेहाला वर बघवेना. तिने त्यांच्या पायांवर पाणी ओतलं, साबण लावला.

बाहेर बुटांचे आवाज आले. साहेबरावाचा गोड झालेला आवाज आला, "इकडून सर, एकदम साफ हाय सर." मग दार वाजलं. पुष्पाबाई दचकल्या, साडीच्या निऱ्या हातातच राहिल्या.

"नेसा बराबर. जल्दी न्हाई," सालेहा म्हणाली. मग दाराकडे तोंड करून ओरडली, "आत बाई हाय. थांबा भाईर!"