दीड वर्ष थांबायचं होतं

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, की दीड वर्ष तरी मूल राहू द्यायचं नाही. जठर कापून लहान केलं की खाणं दोन-चार घासांवर येतं, वजन भराभर उतरतं, अंगातली ताकद त्यातच जाते. त्यात गर्भ राहिला तर आईचेही हाल आणि मुलाचेही. माझी लेक चंदना, जावई रोहिदास आणि मी, तिघे त्यांच्यासमोर बसलो होतो. रोहिदास हसला.

"मॅडम, नऊ वर्षं राहिलं नाही. दीड वर्षात कुठून राहील?"

"आता राहील," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच तर हे करतोय. वजन उतरायला लागलं की लगेच राहू शकतं. म्हणून आधी तांबी बसवून घ्या."

चंदना मान हलवत होती. तिला फक्त 'राहील' एवढंच ऐकू आलं असावं.

आमच्या वावर गावात ज्या साली लहान पोरं उपासमारीनं भराभर गेली, त्या साली माझी पहिली मुलगी गेली. चंदना त्यानंतरची. ती अंगानं भरत गेली तेव्हा गावात कुणाला वाईट वाटलं नाही. बाया तिचे दंड दाबून बघायच्या आणि आपल्या पोरींना म्हणायच्या, बघ, अशी व्हायला पाहिजे. लग्न होऊन मोखाड्याला गेली तोवर चढ चढताना ती दोनदा बसायची. पाळी महिनोन्महिने यायची नाही. प्रत्येक डॉक्टरनं वजनच सांगितलं. भात सोडून झाला, चालणं झालं, भगताकडचा दोरा झाला. मग ऑपरेशन.

टाके सुकेपर्यंत ती माझ्याकडे राहिली. सकू, माझी बायको, केव्हाच गेलेली, म्हणून पेज आणि वरणाचं पाणी मीच करायचो. चालायला लागल्यावर मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. मी बाहेर ओट्यावर बसलो, ती आत बाकावर बायांमध्ये. नर्सबाईंनी विचारलं, काय पाहिजे. चंदना हळूच म्हणाली, तांबी. पण खोली लहान.

आमच्या शेजारची वेणू तिथंच होती, मांडीवर नातू घेऊन. ती मोठ्यानं म्हणाली, "तांबी? कुणाला अडवायला गं? तुझ्या दारात कोण उभं हाय?"

सगळ्या हसल्या. वेणू काही वाईट बाई नाही, तिला अशीच सवय. चंदनाही हसली. म्हणाली, "मी आपली सहज विचारायला आले होते." आणि उठून बाहेर आली.

रस्त्यात मी म्हणालो, "परत जाऊ, गर्दी कमी झाल्यावर."

"नको बाबा. ज्या बाईला मूल नाय, ती मूल नको म्हणायला गेली, असं मोखाड्यापर्यंत जाईल. सासूच्या कानावर गेलं तर काय सांगू?"

आम्ही घरी आलो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, की एवढी काय घाई आहे.

सासरी गेल्यावर ती भराभर उतरली. जुनी पोलकी खांद्यावरून घसरायला लागली. पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली, हे तिनं मला फोनवर सांगितलं. बापाला कुणी असं सांगत नाही, पण तिला दुसरं कोण होतं सांगायला? रोहिदास भिवंडीला गोदामात, रविवारी घरी यायचा. पावसाळा संपता संपता त्याचा फोन आला. त्याला बोलताच येत नव्हतं. मागून त्याची आई गोदी ओरडून कुणाला तरी सांगत होती, गूळ वाटा म्हणून.

ऑपरेशनला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रक्ताचा कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हिच्याच अंगाला पुरत नाहीये. बाळ कुठून घेणार? ठेवायचं की नाही, ते लवकर ठरवा. ठेवलंत तर मी सगळे प्रयत्न करीन, पण खात्री देणार नाही."

रोहिदास माझ्याकडे बघायला लागला. मी चंदनाकडे.

"ठेवायचं," ती म्हणाली. एकदाच.

गोदीनं तिच्यासाठी जे केलं ते कुठल्याही सासूनं केलं असतं. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, तांदळाच्या भाकरी. "दोघांचं खा बाय," म्हणून ताटात वाढत राहायची. एकदा अख्खा लाडू खाल्ल्यावर चंदनाला दरदरून घाम फुटला आणि ती चुलीपाशी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी रोहिदासनं तिला माझ्याकडे आणून सोडलं.

मग आमचं दोघांचं तेच काम झालं. अर्धं अंडं. थोड्या वेळानं वाटीतलं वरण, चमच्यानं. मग डॉक्टरीणबाईंनी दिलेली पावडर, पाण्यात कालवून. मग उलटी. मग पुन्हा पहिल्यापासून. अंगात लोह जावं म्हणून सलाईन लावायला नाशिकला जायचो. तिचे केस उशीवर राहायचे. पोट थोडंसं वर आलेलं आणि बाकी सगळं आत गेलेलं. गावातली म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसायची, तिच्या मनगटाकडे बघायची आणि पावसापाण्याचं बोलून निघून जायची. त्यांनी तसली मनगटं पाहिलेली होती. मीही पाहिलेली होती.

एकदा ती म्हणाली, "बाबा, आतून हलतंय. हात लावा."

मी हात लावला. मला काही लागलं नाही. मी म्हणालो, हो.

सातव्या महिन्यात सोनोग्राफी केली तेव्हा बाळाची वाढ थांबलेली होती. त्याच आठवड्यात कळा आल्या. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवली होती, तिथं नर्सनं मला तिचं वजन सांगितलं. मी विचारलं नव्हतं. चंदनाला दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिकामी होती.

मोखाड्याला नदीच्या अलीकडं पुरलं. खड्डा रोहिदासनं खणला. मी कुदळ मागितली तर त्यानं दिली नाही.

सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी नवरा-बायको दोघांना समोर बसवून. "आता शरीर सावरेपर्यंत नाही म्हणजे नाही. पुढच्या वेळी हिचाही भरवसा नाही." रोहिदास मान खाली घालून हो म्हणाला.

चंदना माझ्याकडे आली. बोलायची नाही, पण दिलेलं खायची. महिना गेला असेल, गोदी तिला न्यायला आली. आल्या आल्या दारातच बसली आणि रडली. खोटं नव्हतं ते. मग चहा घेऊन झाला.

"इवाई," ती म्हणाली, "झालं ते वाईट झालं. पण एक गोष्ट कळली ना. तिला राहतं."

"विहीणबाय, डॉक्टर थांबा म्हणालेत."

"नऊ वर्षं म्हणाले वजन उतरवा. उतरवलं. आता म्हणतात थांबा. थांबलो की म्हणतील वय गेलं. त्यांचं काय जातं?"

"पोरगी जाईल माझी."

"असं अभद्र बोलू नका. आमच्या घरातली नाय का ती?" तिनं कपबशी बाजूला सरकवली. "घरात मी काय जबरदस्ती करते? विचारा तिलाच."

मी मागच्या दाराशी गेलो. चंदनानं पिशवी भरून ठेवली होती. कालपासून भरलेली असावी.

"तू तांबी बसवून घेशील ना?" मी विचारलं. "वेणूला मी सांगतो गप्प बसायला. नाहीतर नाशिकला जाऊ. तिथं कोण ओळखतं?"

ती ओच्याचं टोक खोचत राहिली.

"बाबा, गावातल्या लहान्याच्या घरी बारसं होतं ना परवा. मला बोलावलं त्यांनी. पाळण्याजवळ उभं राहू दिलं. आधी मी गेले की बाया पोर पदराखाली घ्यायच्या. आता म्हणतात, बिचारीचं गेलं." तिनं पिशवी उचलली. "गेलेली का होईना, मला मुलगी झाली, बाबा."

"म्हणून पुन्हा?"

"म्हणून पुन्हा."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला अडवू शकलो असतो का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हात धरला असता तर तो हात माझ्या मुठीत मावून वर जागा उरली असती, एवढं मात्र मला तेव्हा दिसलं आणि मी धरला नाही.

रस्त्यावर काळी-पिवळी जीप उभी होती. पूर्वी जीपवाले चंदनाला बघून कुरकुरायचे, दोन माणसांची जागा जाते म्हणून. त्या दिवशी मागच्या बाकावर आधीच चार बाया होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "बसा बसा, ही कुठंही मावेल." गोदी पुढं बसली. चंदना त्या चौघींच्या मध्ये शिरली आणि मला दिसेनाशी झाली.