मेष्ट्रूंचं नाव

"यंदा फळं मी देऊन येतो, तू इथंच थांब," शामसुंदर स्कूटर लावत म्हणाला. जयलक्ष्मीपुरम वस्तीतल्या तिच्या गुरूंच्या गेटापाशी बायकोचे पाय अडखळलेले त्यानं पाहिले होते.

"साकु! पुरे," भानुमती कानडीत म्हणाली. "त्यांच्याकडे शिकले ते मी की तुम्ही? चला."

दर विजयादशमीला, दसऱ्याच्या हत्तींच्या सवारीची गर्दी व्हायच्या आत, ती आपल्या गुरूंना, नरसिंहमूर्तींना, फळं द्यायची, पाया पडायची आणि समोर बसून कर्नाटक संगीतातली एखादी रचना, एक कृती, म्हणायची. लग्नाआधीपासूनचा नेम. गाव त्यांना मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, म्हणे. रंगाऱ्याच्या पोरीला गाणं शिकवायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा या माणसानं तिला समोर बसवलं होतं.

शामसुंदर बँकेतला. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. पण बायको विद्यापीठात संगीत-शिक्षणाच्या राजकारणावर संशोधन करते, हे तो छाती फुगवून सांगे, आणि "गाण्यात कसलं आलंय राजकारण?" असं कुणी म्हटलं की त्याला चेव येई. कैक रविवार तिला मागे बसवून आसपासच्या येलवालला, कृष्णराजनगरला नेताना स्कूटर पार खिळखिळी झाली होती. तिथली सनईसारखं नागस्वर वाजवणारी माणसं तिला एकच सांगत: आमच्या पोरांना संगीतशिक्षकाची नोकरी मिळत नाही, कारण परीक्षेत आमचं वाद्यच नाही. भाषावार राज्य नवं झालं तेव्हा अभ्यासक्रमाच्या समितीनं ते वगळलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून, ते मेष्ट्रूंनीच तिला कॉफी पिता पिता सांगितलं.

"माझ्याच की. देवळाबाहेर वाजवणारे लोक वर्गात कशाला?"

तिनं ते आपल्या पुस्तकात नावानिशी लिहिलं. पुस्तक छापायला जाताना मात्र त्यांचा निरोप आला, माझं नाव काढ.

तो आठवडा ती धड जेवली नाही. शामसुंदरच्या तोंडचं पाणी पळालं.

"'समितीनं ठरवलं' असं लिही ना," तो म्हणाला. "कुणाचं काय बिघडतंय त्यात?"

"त्या पोरांचं बिघडलंच की हो. जो तो समितीवर ढकलतो. मीही ढकलू?"

नाव छापलं गेलं. शामसुंदरनं बायकोला मनोमन हात जोडले. आपल्याला हे जन्मात जमलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दार मेष्ट्रूंनीच उघडलं. फळांचं ताट घेतलं, खाली ठेवलं.

"वाचलं," ते म्हणाले. "एक अक्षर खोटं नाही. मी बोललो तेच आहे."

भानुमती खाली बघत उभी राहिली.

"पण आता येऊ नको, भानू. मला सोसवत नाही."

शामसुंदरचं डोकंच फिरलं. खरं आहे म्हणायचं आणि वर दार लावायचं, ही कुठली रीत? तो तोंड उघडणार तोच तिनं त्याचं मनगट धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आयतु, मेष्ट्रु," ती कानडीत म्हणाली. "बरं. आजची कृती म्हणू?"

म्हातारा दारातून बाजूला झाला.

"आलीच आहेस तर बस. म्हण."

ती गायली. ते मांडीवर ताल धरून बसले. मध्येच तिचा आवाज फाटला आणि थांबला. मेष्ट्रूंनी मान वर न करता पुढचा शब्द धरला, तिला सुरावर आणून सोडलं आणि पुन्हा गप्प झाले. शामसुंदरला गाणं नाही कळलं, पण एवढं कळलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

कृती संपल्यावर ती पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मेष्ट्रु कुणालाही पोचवायला बाहेर येत नसत. त्या दिवशी ते गेटापर्यंत आले. स्कूटर चालू होऊन रस्त्याला लागेपर्यंत थांबले. मग त्यांनी आवाज होऊ न देता कडी लावली.