विचारलं होतं

सुप्रभाने मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि श्रीनिवासांचा कोट घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. उजवी बाही सुटेना, तेव्हा डाव्या हाताने ओढून काढली, कोटाची घडी मांडीवर घेतली आणि ते दाराच्या बाजूला बसले. वाटलंच तर उठून जाता यावं, अशा बेताने.

"पाणी हवंय का?"

त्यांनी मान हलवली. नको.

चर्चला लागून असलेला तो हॉल भरत आला होता. जून महिना, बाहेर अजून लख्ख ऊन. युरोपियन पार्लमेंटची निवडणूक तोंडावर आली होती आणि वॉटफर्डमध्ये त्या आठवड्यात जिथे दोन माणसं भेटत तिथे एकच विषय निघत होता. स्टेजच्या मागे कापडावर प्रश्न लिहिला होता: ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडावं का? त्याखाली पाच खुर्च्या. बाहेर पडावं म्हणणारे दोघे डावीकडे, राहावं म्हणणारे दोघे उजवीकडे आणि मध्ये सभेची अध्यक्ष, लायब्ररीतली एक ठसठशीत बाई.

डावीकडच्या टोकाला डेरेक विथर्स बसला होता. त्याने सुप्रभाला पाहिलं, हात किंचित वर केला. श्रीनिवासांकडे मात्र पाहिलं नाही.

निघण्याआधी वरदाचा फोन आला होता. वरदा म्हणजे त्यांची मुलगी. ती इथेच जन्मली होती आणि स्लाऊला शाळेत शिकवत होती.

"आई, बाबाला नको नेऊ तिकडे. सगळे लोक त्याला बघणार. कोणी काही विचारलं आणि तो बोलला नाही तर... he'll be mortified. मला नाही आवडणार ते गोष्ट."

"नुसतं ऐकून परत येऊ गं. घरात बसून भिंतीकडे बघतात, त्यापेक्षा बरं."

"डेरेकने सांगितलं म्हणून जातेस ना?"

"हो," सुप्रभा म्हणाली होती.

फेब्रुवारीत एका सकाळी चहा पिताना श्रीनिवासांच्या हातून वर्तमानपत्र गळून पडलं आणि ते उचलायला सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर नुसता आवाज निघाला. हॉस्पिटलात सगळे त्यांना ओळखत होते. जन्मभर त्याच इमारतीत त्यांनी लोकांच्या छात्या तपासल्या होत्या. पाय लवकर सुधारला, हातही बराचसा. शब्द तेवढे आले नाहीत. मराठी थोडं थोडं परत आलं. पाणी. नको. दार लाव. इंग्रजीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. स्पीच थेरपिस्ट मुलगी समोर चित्रं धरायची: कंगवा, किटली, गाय. गायीच्या चित्रापाशी त्यांनी कार्ड हळूच तिच्या हातातून घेतलं, टेबलावर पालथं घातलं आणि पुन्हा तिथे जायचं नाव काढलं नाही.

"त्यांच्याकडे शब्द आहेत," ती मुलगी सुप्रभाला दारापाशी म्हणाली होती. "वापरतात त्याहून खूप जास्त. चुकण्याची भीती वाटते त्यांना. एक करा, त्यांची वाक्यं तुम्ही पूर्ण करू नका."

सुप्रभाने मान डोलावली होती आणि घरी येईपर्यंत गाडीत त्यांचं पहिलंच वाक्य पूर्ण करून टाकलं होतं.

हा तोच माणूस, ज्याला गप्प बसवण्यासाठी तिने तीसेक वर्षं टेबलाखालून पाय दाबले होते. गणपतीच्या कार्यक्रमात, कुणाच्या साठीच्या पार्टीत, एकदा तर एका बाराव्याला. श्रीनिवासांना युरोप हा विषय मिळाला की समोरच्याच्या ताटातल्या पुऱ्या गार व्हायच्या. ज्या खंडाने दोनदा एकमेकांचे गळे कापले ते लोक आता माशांच्या जाळ्यांवरून भांडतात, याहून मोठी प्रगती कुठली, असं ते विचारायचे, आणि कुणी उत्तर द्यायला लागलं की त्याला मध्येच थांबवायचे. वरदा लहानपणी अशा वेळी बाथरूममध्ये जाऊन बसायची. घरात थोडी शांतता असावी, एवढंच सुप्रभा तेव्हा देवाकडे मागत होती. आता शांतता होती. सकाळी उठल्यापासून होती. तिला ती सोसत नव्हती.

त्यांना पुरून उरायचा तो एकटा डेरेक. इतिहासाचा निवृत्त शिक्षक, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, ब्रिटनने त्या युरोपात पाऊलच टाकायला नको होतं म्हणणारा. दर शनिवारी तो मागच्या दाराने यायचा आणि जेवणवेळेपर्यंत दोघांचे आवाज बागेपर्यंत जायचे. आजारानंतरही तो आला. पण हवेबद्दल बोलायचा, गुलाबांबद्दल बोलायचा. लहान मुलाशी बोलावं तसा सावकाश. एका शनिवारी म्हणाला, "खरं सांगू का श्री, युरोपबद्दल कदाचित तुझंच बरोबर असेल." श्रीनिवास खुर्चीतून उठले, आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर डेरेक आला नव्हता. परवा त्याचा फोन आला, तोही सुप्रभाला. "जमलं तर घेऊन ये त्याला. बोलायची गरज नाही."

सभा सुरू झाली. उजवीकडचा तरुण उद्योजक आकडे घेऊन आला होता. आपला निम्मा माल युरोपात जातो, दार आपल्याच हाताने लावून घेऊन आपण कुणाला विकणार? टाळ्या पडल्या. डावीकडची बेकरीवाली उभी राहिली. तिच्या वडिलांपासूनचं दुकान, आणि आता पाव कुठल्या मापात तोलायचा हे ब्रसेल्समधला कुणी ठरवणार, ज्याला तिने मत दिलं नाही आणि जो तिला कधी दिसणार नाही. तिलाही टाळ्या पडल्या, जरा जास्तच. मागून कुणीतरी ओरडलं की गेल्या महिन्यात दहा देश आणखी आत घेतलेत, आता इथे राहायला जागा उरेल का? नर्सच्या गणवेशातली एक बाई त्याच्यावर उखडली. तुझ्या आईला अंघोळ कोण घालतं ते आधी बघ म्हणाली. अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटलं.

सुप्रभा तिरक्या नजरेने पाहत होती. श्रीनिवासांचा चेहरा गेले काही महिने असायचा तसाच होता, बंद दुकानासारखा. बोटं तेवढी कोटाची कड चुरगाळत होती. दमले असतील, आता निघावं, असं तिच्या मनात आलं आणि तिने पर्स उचलली.

तेवढ्यात डेरेक बोलायला उभा राहिला. शिक्षकाचा खणखणीत आवाज, हातात कागद नाही. सार्वभौमत्व, संसद, न्यायालयं, त्याने सगळं नेहमीसारखंच मांडलं. सुप्रभाला ते पाठ होतं. मग तो क्षणभर थांबला आणि म्हणाला,

"आणि सगळ्यात मोठी फसवणूक कोणती, माहितेय? या देशातल्या जनतेला याबद्दल कधी, एकदाही, कुणी विचारलेलं नाही."

सुप्रभाने चमकून वर पाहिलं.

पंच्याहत्तर सालचा जून असाच उन्हाचा होता. युरोपच्या बाजारात राहावं की नाही यावर सगळ्या देशाने मतदान केलं होतं. श्रीनिवास तेव्हा ज्युनियर डॉक्टर, या देशात येऊन चार वर्षं झालेली. पण मताचा हक्क मिळाला म्हणून इतके हरखले की सुट्टीच्या दिवशी सुपरमार्केटबाहेर 'राहू या'ची पत्रकं वाटत उभे राहिले. फुटपाथच्या दुसऱ्या कडेला 'नको'ची पत्रकं वाटणारा तरुण मास्तर म्हणजे डेरेक. तिथेच त्यांचं पहिलं भांडण झालं आणि पाऊस आला म्हणून एकाच छत्रीखाली ते पुढे चालू राहिलं. ही गोष्ट डेरेकने निदान शंभर वेळा सांगितली असेल.

शेजारची खुर्ची करकरली. श्रीनिवास उभे राहिले होते.

एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरलेली. कोट खाली पडला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"नॉट," ते म्हणाले.

माना वळल्या.

"नॉट... ट्रू."

"साहेब, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"दे आस्क्ड," श्रीनिवास म्हणाले. "सेव्हन्टी-फाइव्ह. दे... आस्क्ड. सेव्हन्टी... सिक्स... नो." त्यांनी डोळे मिटले. "सिक्स... सिक्स..."

सदुसष्ट टक्के. हा आकडा त्यांच्या घरात मिठासारखा वापरात होता. तो सुप्रभाच्या जिभेच्या टोकावर आला. पुढच्या रांगेतला कुणीतरी खुदकन हसला, कुणीतरी त्याला शू केलं. तिने खालचा ओठ दातांत धरला आणि पर्सचा पट्टा मुठीत आवळला. बोलायचं नाही. मेलं तरी बोलायचं नाही.

"साहेब, वेळेअभावी आपण..."

"त्याला बोलू द्या," स्टेजवरून डेरेक म्हणाला. तो अजून उभाच होता. बेकरीवाली त्याची बाही ओढत होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "मला अजिबात घाई नाही."

श्रीनिवासांच्या कपाळावर घाम आला होता. गळ्याची शीर वर आली होती.

"सिक्स्टी," ते म्हणाले. मग हळूहळू, एखादं जड कपाट सरकवावं तसं, "सेव्हन. पर्सेंट. सेड येस." त्यांनी दम घेतला. खुर्चीवरचा हात सुटला आणि तर्जनी वर आली. "आय व्होटेड. यू व्होटेड. अँड यू... लॉस्ट, डेरेक!"

आधी ती नर्स हसली. मग सगळा हॉल हसला, दोन्ही बाजूंचा, आणि टाळ्या सुरू झाल्या. डेरेकने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"हरलो होतो," तो म्हणाला. "गृहस्थ म्हणतात ते बरोबर आहे. मी शब्द मागे घेतो." आणि खाली बसून त्याने रुमालात मोठ्याने नाक शिंकरलं. बेकरीवाली त्याच्या कानाशी काहीतरी तणतणत होती.

श्रीनिवास खाली बसले. सुप्रभाने जमिनीवरचा कोट उचलला, झटकला, पुन्हा झटकला. तिला दुसरं काही सुचेना. महिनोन्‌महिने छातीत कुठेतरी आखडून धरलेला श्वास एकदम सुटला आणि डोळ्यांतून वाहायला लागला. तिने कोटाच्या अस्तराने डोळे टिपले.

"काय झालं?" श्रीनिवासांनी मराठीत विचारलं.

"काही नाही हो. ऐका आता."

सभेनंतर मागच्या टेबलावर चहा होता. डेरेक गर्दीतून वाट काढत आला. दोन म्हातारे समोरासमोर उभे राहिले.

"फार उद्धट आहेस तू," डेरेक म्हणाला.

"यू आर... राँग."

"आज चुकलो खरा."

"ऑलवेज," श्रीनिवास म्हणाले, आणि या शब्दासाठी त्यांना थांबावं लागलं नाही. मग त्या नर्सने त्यांना गाठलं. हिला त्यांनी कधीकाळी वॉर्डात पाहिलेलं होतं. ते तिच्याशी बोलायला वळले.

सुप्रभाने डेरेकच्या हातात कप दिला.

"डेरेक, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास."

"हो ना."

"आणि त्या मतदानाच्या वेळी फुटपाथवर तू..."

"वय झालं गं, सुप्रभा," तो म्हणाला. तिच्या नजरेला त्याने नजर दिली नाही. "तारखा लक्षात राहत नाहीत आताशा. साखर कुठे ठेवलीय यांनी?"

साखरेची वाटी त्याच्या हातापाशीच होती. तिने ती त्याच्याकडे सरकवली.

गाडी तीच चालवत होती. ऊन घरांच्या छपरांवर टेकलं होतं. श्रीनिवास दमले होते, डोकं मागे टेकलेलं, पण तोंड थांबत नव्हतं. मराठी, इंग्रजी, जो शब्द हाताशी येईल तो. काही वाक्यं अर्ध्यात तुटत होती आणि सुप्रभा ती तुटू देत होती.

"त्याला अजून... सांगायचं होतं. माशांचं. आणि ते... ते..."

तिने वाट पाहिली.

"...कोर्टाचं."

"शनिवारी सांगा."

"येईल?"

"येईल की. न येऊन जातो कुठे."

ते समाधानाने हुंकारले. थोडा वेळ रस्ता सरत राहिला. सुप्रभाला एकाएकी फार हलकं वाटलं. वयाला न शोभेल इतकं. घरातली ती शांतता पुन्हा कधी नको, एक दिवसही नको. आणि त्या हलकेपणातच ती बोलून गेली.

"तुम्हाला एक सांगू? पंच्याहत्तरला मी 'नो'वर फुली मारली होती."

श्रीनिवासांनी डोकं उचललं.

"काय?"

"'नो'वर. तुम्ही बाहेर उभे होतात माझी पर्स धरून. मी आत गेले आणि 'नो'वर फुली मारली. डेरेकचं पत्रक वाचलं होतं मी. बरंचसं पटलं होतं." तिने नजर समोर ठेवली. "अजूनही पटतं."

त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. तिची पकड स्टिअरिंगवर घट्ट झाली. उगीच बोलले, इतकं मिळालेलं घालवलं, असं तिला वाटून गेलं.

"गाडी," ते म्हणाले. "थांबव."

पुढे बसस्टॉप होता. तिने त्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. श्रीनिवासांनी सीटबेल्ट सोडवला, त्यात डाव्या हाताला जरा वेळ लागला. मग ते अंगासकट तिच्याकडे वळून बसले. तर्जनी वर आली.

"मुद्दा... पहिला," ते म्हणाले.

सुप्रभाने इंजिन बंद केलं.