पहिला चीक

ओनेझिम गेरिनोच्या बापाला गाढवं म्हणजे जीव की प्राण. आणि कसली गाढवं! घोड्याच्या खांद्याला खांदा लावतील अशी, अंगावरचे केस गुंता होऊन पार गुडघ्यापर्यंत लोंबणारी. ते केस विंचरणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. नर घोडीपाशी जायला आढेवेढे घेऊ लागला की बाप त्याच्या कानाशी हलकेच गाणं म्हणायचा. पुढे मेल गावच्या बाजारात त्या जोडीतून झालेल्या खेचरांसाठी स्पेनचे व्यापारी हमरीतुमरीवर यायचे. काय दिवस होते ते!

मग ट्रॅक्टर आले. आता पोटू प्रांतातल्या या जातीची अख्ख्या फ्रान्समध्ये पन्नासही जनावरं उरली नव्हती. ओनेझिमच्या तबेल्यात एकच गाढवी होती, ब्रुनेट. तीही वयाने उतरलेली.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती व्यायली. मादी झाली. शिंगरू लटपटत उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली तोंड खुपसू लागलं. ओनेझिमने त्याला मायेनेच बाजूला सारलं आणि बादली घेऊन तो चीक पिळायला बसला. पिवळा, घट्ट चीक. त्याने शिंगराची आतडी जळतात, तो फेकून द्यायचा आणि दोन दिवस लिंडनच्या फुलांचा गोड काढा पाजायचा, हे त्याला बापाने शिकवलं होतं. बापाला त्याच्या बापाने.

"थांबा! गेरिनोबाबा, काय करताय हे?" निओर शहरातली तरुण पशुवैद्य सोलांज दारातूनच ओरडली. उरलेल्या जनावरांची नोंद तीच ठेवायची.

"दिसत नाही? चीक काढतोय."

"अहो, पिऊ द्या तिला! रोगाशी झगडायची ताकद त्यातूनच येते. नाही मिळाला तर आठवडाही काढायची नाही ती."

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून शिंगरं पाहतोय मी. जातच नाजूक आहे ही. पुस्तकं वाचून नाही कळायचं ते."

"बरं. मग या घरातली किती दगावली?"

ओनेझिमने पुन्हा आचळाला हात घातला.

"एकोणीस," मागून त्याची बायको आर्मांदीन म्हणाली. "माझ्या लग्नापासूनची. पुरताना गुंडाळायला चादरी माझ्याच गेल्या, मला विचार."

"तू मोजत होतीस?"

"मग काय, तू मोजणार होतास?"

ओनेझिमने बादली बाजूला ठेवली. प्रत्येक शिंगरू गेलं की बाप दोन-दोन दिवस जेवायचा नाही. त्यानेच त्यांना उपाशी ठेवलं होतं, तेही काळजीपोटी. आणि शेवटची सात तर ओनेझिमच्या स्वतःच्या हातची. बापाचा राग यावा, तर तोही येईना.

"बापाला कुणी सांगितलंच नाही गं," तो म्हणाला. "रडायचा बिचारा."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्याने?" आर्मांदीनने विचारलं.

"छे. हाकलून दिलं असतं."

तो उठून बाजूला झाला. शिंगराने चाचपडत आचळ शोधलं आणि ते चुटूचुटू प्यायला लागलं. ओनेझिम भिंतीला टेकून बघत राहिला. बहात्तर वर्षांत जन्मल्याजन्मल्या आईला पिणारं शिंगरू त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

शिंगराने तोंड बाजूला केलं तसा तो पेंढ्यात गुडघे टेकून बसला. बादलीच्या तळाशी ओंजळभर चीक होता. त्यात बोटं बुडवून त्याने ती शिंगराच्या तोंडात दिली, पुन्हा बुडवली, पुन्हा दिली.

"हेही पी, बाय," तो रडत म्हणाला. "तुम्हा सगळ्यांचंच होतं हे."