ईसरूचा उजेड

उजेड आभाळात दिसला रविवारी, आणि लटारूच्या पोटात दुखायला लागलं सोमवारी सकाळी. कारण सोमवारी सकाळी पळसटोल्यात ज्याच्या त्याच्या तोंडी ईसरू. ईसरूनं पाहिला म्हणे! रात्री नवाच्या सुमाराला उत्तरेकडून आला म्हणे, त्याचे दोन तुकडे झाले आणि जंगलापल्याड गेला. आवाज नाही, धूर नाही.

"ईसरूनं!" लटारू बायकोवर खेकसला. "ज्याले बाजारात सोताचा बैल ओळखू येत नाई, त्यानं!"

कमळा भात उतरवत होती. "मंग तुमाले काऊन नाई दिसला? तुमी बी तं मचाणावरच होते."

दुखणं नेमकं तिथंच होतं. लटारू गावाचा राखणदार. धान निसवला की कापणी होईपर्यंत उत्तरेकडच्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, त्याच्या भरवशावर. मचाणावर बसायचं, घडीघडीला रिकामा डबा बडवायचा, हाळी द्यायची, म्हणजे रानडुकरं जंगलातच राहतात. ईसरू आपली एकच बांधी राखायचा, जरा पलीकडच्या लहानशा मचाणावरून. पण त्या रविवारी कमळानं मासळीचा रस्सा केला होता, आणि लटारूनं तीनदा भात मागून घेतला होता. आठ वाजता मचाणावर चढला आणि सव्वाआठला घोरायला लागला. डुकरांना आणखी काय पाहिजे? रंभाबाईची अर्धी बांधी त्यांनी लोळवली. सकाळी लटारूनं तिला तोंड वर करून सांगितलं, "मी पहाटे खाली उतरलो बाई, त्याच्यामागून घुसले साले." रंभाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती निघून गेली. प्रकरण मिटलं, असं लटारूला वाटलं.

डुकरांचं मिटलं, पण ईसरूचं कसं मिटावं? दोघं एका वयाचे, चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले. हा ईसरू जन्मात चार माणसांसमोर चार शब्द बोलला नव्हता. आता आरमोरीहून पेपरवाला येऊन त्याचा फोटो काढून गेला. लेकाचा फोटोत हसतसुद्धा नव्हता, पण छापून तर आला ना!

बाजाराच्या दिवशी लटारू आरमोरीला कय्यूमच्या चहाच्या टपरीवर गेला, तर तिथंही तेच. पेपरातला फोटो कय्यूमनं बरण्यांच्या वर चिकटवला होता आणि खाली खुद्द ईसरू बसला होता, हातात फुकटचा चहा. भोवती वीसेक माणसं.

"घुग्घुसच्या खाणीत बार उडवला असंल, त्याचा उजेड," एकजण म्हणाला.

"हट्! माहा जावई ऊर्जानगरात हाय. तो म्हंते, थर्मलच्या चिमणीतून काई तरी उडालं."

"चिमणी इथून किती कोस, बापू?" प्रफुल मास्तर म्हणाले. "उल्का होती ती. शाळेत शिकवतो मी."

"उल्का कुठी एवढी हळू जाते? परदेशाचा सॅटेलाइट पडला. सरकार सांगत नाई, दाबून टाकते."

"काई बी असो," कय्यूम गाळणी झटकत म्हणाला, "आमच्या घरवालीनं, खैरुननं, तं सांजेपासून अंगणात पाय ठेवणं बंद केलं." मग त्याचं लक्ष लटारूकडे गेलं. "लटारूभाऊ, तुमी बी तं तिथीच होते ना? तुमाले नाई दिसला?"

वीस माना वळल्या. ईसरूनंही वर पाहिलं. आणि लटारूची जीभ लटारूला न विचारता सुटली.

"दिसला म्हंजे? माह्या डोक्यावरून गेला! हा दोन तुकडे म्हंते. दोन नाई, तीन होते. मी मचाणावर उभा होतो. निंघाला तवापासून जंगलात बुडाला तवापर्यंत, पापणी नाई लवली माही."

"मंग इतके दिवस बोलले काऊन नाई?"

"मले भाव खाची सवय नाई."

कय्यूमनं चहा दिला. त्याचेही पैसे घेतले नाहीत. लटारूला तो इतका गोड लागला की काय सांगावं! ईसरूनं मात्र पेला ठेवला आणि उठून गेला. जळला, लटारूला वाटलं. जळू दे.

आता इथंच थांबला असता तर लटारू कसला! पण मंडई, गावची दिवाळीनंतरची जत्रा, चार दिवसांवर आली होती. पळसटोल्याची रीत अशी, की मंडईच्या रात्री नाटकाचा पडदा उघडण्याआधी नारळ फोडायचा तो राखणदारानं. धान घरात येतो तो त्याच्या जागण्यानं, म्हणून त्याचा मान. पाव्हणेरावळे, लेकी-जावई, आसपासच्या चार गावांची माणसं बघत असतात. बारा वर्षं तो नारळ लटारू फोडत होता. त्या एका नारळासाठी तो वर्षभर जगायचा म्हटलं तरी चालेल. आणि यंदा कुजबूज सुरू झाली होती, की पेपरात नाव आलेल्या ईसरूला हा मान द्यावा.

मंडईची बैठक देवळासमोर बसली. कुणी ईसरूचं नाव काढलंच. लटारू ताडकन उठला.

"काऊन? त्यानं पाह्यला म्हणून? मी त्याच्याहून जास्त पाह्यला! सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाह्यला!"

"जागे होते तं मंग तुमी?" मागून बायकांतून आवाज आला. रंभाबाई.

"टक्क जागा होतो, बाई."

रंभाबाई पुढं आली. "मी बी पाह्यला तो उजेड. अंगणातून. अन् त्याच टायमाले माह्या बांधीत डुकरं घुरघुरत होते. मी तुमाले तीन हाका मारल्या. डबा वाजला नाई. मले वाटलं, मानूस हाय, डोळा लागला असंल, जाऊ द्या. म्हणून मी गप होती. पण तुमी जागे होते? डुकरं माहा धान खाऊन राह्यले, अन् तुमी उभं राहून आभाळ पाहून राह्यले?"

 झोपलो म्हणावं तर उजेड खोटा. जागा होतो म्हणावं तर धानाचा वैरी. बैठकीतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातून ईसरू उठला. "बाई, डबा वाजला होता. मी आयकला. वारा उलटा होता, म्हणून तुमच्याकडं नसंल आला आवाज."

एवढंच बोलून तो बसला. आणि ईसरू म्हणतो म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांनी मानून टाकलं. रंभाबाईसुद्धा पदर सावरत मागं गेली. "नारळ लटारूचाच," बैठकीचे अध्यक्ष म्हणाले, "पण ईसरूचं मन पाहा बाप्पा! सोताचा मान सोडला त्यानं."

सगळे "हाव, हाव" म्हणाले. लटारूच्या अंगाचा तिळपापड झाला. इथंही हाच मोठा! आता जन्मभर नारळ फोडायचा तो याच्या मेहेरबानीनं? दर मंडईला हा पुढं बसणार, आणि डबा वाजला नव्हता हे त्याला ठाऊक असणार?

"नाई वाजला!" लटारू ओरडला. "डबा नाई वाजला! मी झोपलो होतो! उजेड बी नाई पाह्यला मी!"

 मग कुणी तरी हसलं, आणि मग कुणालाच हसू आवरेना. नारळ ईसरूला गेला. रंभाबाई तेवढी हसली नाही.

लटारू तरातरा घराकडे निघाला. मागून ईसरू आला, धापा टाकत.

"काऊन सांगतलं बे तू? मी निभावून नेलं होतं ना."

"तुले कोणी सांगतलं होतं निभावाले? अन् तुले काय मालूम, मी झोपलो का जागा?"

ईसरूनं मान खाली घातली.

"मालूम होतं," तो म्हणाला. "तो उजेड निंघाला तवा मी तुलेच हाक मारली होती. दोनदा. म्हटलं, लटारू बी पाहीन."

लटारूला वाटलं, यानं चारचौघांत शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.  तो घरी गेला नाही. उपाशीच मचाणावर चढला आणि पार उजाडेपर्यंत डबा बडवत राहिला. ईसरूनं पलीकडून एक हाळी दिली, ती त्यानं ऐकून न ऐकल्यासारखी केली. आभाळाकडे तर त्यानं एकदाही मान वर केली नाही.